आधी ओळख, मग मांडणी : प्रस्तावना

रायपूरला मे महिन्याच्या दुपारी वीज जाते तेव्हा आधी पंखा थांबतो आणि मग यूपीएस ओरडू लागतो. तात्यापाऱ्यातल्या माझ्या खोलीत त्या वेळी संगणकावर सहा-सात खिडक्या उघड्या असतात. डावीकडे विदर्भातल्या कुठल्यातरी गावचा सातबारा, उजवीकडे वर्डमध्ये चाललेला त्याचा हिंदी अनुवाद, खाली एक्सेलमध्ये वर्षानुवर्षे जमवलेला माझा शब्दसंग्रह आणि मागे ब्राउझरमध्ये छत्तीसगडच्या ‘भुइयां’ या भूमी-अभिलेखांच्या संकेतस्थळाचे एखादे पान. यूपीएस जेमतेम दहा मिनिटे साथ देतो. तेवढ्यात फाइली जतन करायच्या आणि यंत्र बंद करायचे. वीज आली की फाइली पुन्हा उघडता येतात, त्यातला मजकूरही शाबूत असतो. परत येत नसे ती मांडणी. कुठली खिडकी कुठे होती, किती रुंद होती, शब्दसंग्रहाच्या किती ओळी दिसत होत्या, हे सगळे हाताने ओढून-ताणून पुन्हा जमवावे लागे. आणि ते जमेपर्यंत ज्या वाक्याच्या मध्यात वीज गेली होती, ते वाक्य डोक्यातून निघून गेलेले असे.

आता मी तीन बटणे एकदम दाबते आणि फाइली उघडल्या की चार-पाच सेकंदांत सगळ्या खिडक्या आपापल्या जागी जाऊन बसतात. हे काम चाळीस-पन्नास ओळींची एक स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या आज्ञांची यादी, करते. ती मी स्वतः लिहिली आहे, आणि मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. ही पुस्तिका त्या चाळीस-पन्नास ओळींतून जन्माला आली आहे.

प्रस्तावनेत विषयाची ओळख करून द्यायची असते. इथे तर विषयच ‘ओळख’ हा आहे, कारण खिडक्यांची मांडणी करण्यापेक्षा खिडकी ओळखणे अधिक अवघड असते. पुस्तिकेची सहा प्रकरणे वाचून एवढी एकच गोष्ट वाचकाच्या मनात राहिली तरी माझे काम झाले असे मी मानीन.

आधी शब्दाविषयी थोडे. आपण सगळे बोलताना ‘विंडो’ म्हणतो. पण अनेकवचन करायला गेले की ‘विंडोज’ होते आणि ते मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीचे नाव असल्यामुळे गोंधळ उडतो. म्हणून या पुस्तिकेत सरळ ‘खिडकी’ असा शब्द वापरला आहे. स्क्रिप्टला मात्र स्क्रिप्टच म्हटले आहे.

हा विषय रायपूरमधून आणि मराठीतून का मांडावा, असे कोणी विचारील. रायपूरला मराठी माणूस भोसल्यांच्या काळापासून आहे. १९५६ पर्यंत हा प्रदेश ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढे भोपाळ झाली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाल्यावर खुद्द रायपूर. राजधान्या बदलल्या तरी लोकांची शेती, वारसाहक्क आणि नातीगोती दोन्हीकडे राहिली. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांत एक कागद मराठीत असतो आणि दुसरा हिंदीत. महाराष्ट्रातला सातबारा आणि इथला जमिनीचा बी-१ उतारा समोरासमोर ठेवून वाचावे लागतात. तिथल्या ‘भोगवटादारा’ला इथे ‘भूमिस्वामी’ म्हणायचे की नाही, हे दोन्ही कागद एकाच वेळी डोळ्यांपुढे असल्याशिवाय ठरवता येत नाही.

या शहराला हे काम नवे नाही. १९०० साली पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातले होते. त्यांनी दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांचे टेबल मी पाहिलेले नाही, पण अनुवादकाचे टेबल कसे असते ते मला ठाऊक आहे. मूळ पुस्तक एका हाताला, कागद दुसऱ्या हाताला, कोश हाताच्या टप्प्यात. कोश नेहमी त्याच जागी असला की न पाहता हात तिकडे जातो. पानात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे का वाढतात, त्याचेही कारण तेच आहे. जेवणाऱ्याला शोधावे लागू नये. पदार्थाची जागा ठरलेली असली की लक्ष जेवणावर राहते. संगणकाच्या पडद्यावर हीच शिस्त आणता आली, तर लक्ष कामावर राहते. सगळ्या खटाटोपामागचा हेतू एवढाच आहे.

पडद्यावर खिडक्या आल्या कुठून? १९७० च्या दशकात अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात टेबलावरच्या कागदांसारख्या एकावर एक येणाऱ्या खिडक्यांचे प्रयोग झाले. मायक्रोसॉफ्टची पहिली विंडोज प्रणाली नोव्हेंबर १९८५ मध्ये आली, तेव्हा तिच्यातल्या मुख्य खिडक्या एकमेकींवर येऊच शकत नसत. फरशा बसवाव्यात तशा त्या शेजारी-शेजारी बसत. १९८७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून त्या एकमेकींवर येऊ लागल्या. वापरणाऱ्याला मोकळीक मिळाली, पण मांडणीची जबाबदारीही तेव्हापासून त्याच्यावर आली. पुढे २००९ च्या विंडोज ७ मध्ये खिडकी पडद्याच्या कडेला नेली की अर्धा पडदा व्यापण्याची सोय झाली आणि २०२१ च्या विंडोज ११ मध्ये मांडणीचे तयार नमुने आले. या सोयी चांगल्या आहेत, ज्याचे काम त्यांत भागते त्याने त्या जरूर वापराव्यात. पण त्या जागा देतात, त्या जागी कोणाला बसवायचे हे त्यांना कळत नाही. सातबारा डावीकडेच हवा आणि अनुवाद उजवीकडेच, हे माझ्या कामाचे ज्ञान आहे. ते मलाच लिहून ठेवावे लागते.

ते लिहिण्यासाठी या पुस्तिकेत ऑटोहॉटकी ही भाषा निवडली आहे. क्रिस मॅलेट यांनी २००३ साली ती सुरू केली. ती मोफत आणि मुक्तस्रोत आहे, आणि जुन्या, कमी ताकदीच्या यंत्रावरही चालते. डिसेंबर २०२२ मध्ये तिची दुसरी मुख्य आवृत्ती स्थिर झाली. इथली सर्व उदाहरणे त्या आवृत्तीची आहेत.

आता मुद्द्याला येते. आपण ‘अनुवादाची खिडकी’ म्हणतो तेव्हा आपल्याला ती पाहताक्षणी कळते. यंत्राला कळत नाही. यंत्राजवळ प्रत्येक खिडकीच्या चार खुणा असतात. पहिली खूण शीर्षक, म्हणजे वरच्या पट्टीवर लिहिलेला मजकूर. दुसरी खूण वर्ग, म्हणजे प्रोग्रॅम बनवणाऱ्याने त्या प्रकारच्या खिडकीला दिलेले अंतर्गत नाव. तिसरी खूण ती खिडकी कोणत्या प्रोग्रॅमची आहे ती. आणि चौथी खूण हँडल, म्हणजे खिडकी उघडताक्षणी प्रणालीने तिला दिलेला क्रमांक. माणसाच्या भाषेत सांगायचे तर शीर्षक म्हणजे हाक मारायचे नाव, वर्ग म्हणजे आडनाव, प्रोग्रॅम म्हणजे घर आणि हँडल म्हणजे दवाखान्यात मिळणारा टोकन क्रमांक. टोकनने माणूस नेमका सापडतो, पण तो क्रमांक त्या दिवसापुरताच. खिडकी बंद करून पुन्हा उघडली की हँडल बदलते. म्हणून ते स्क्रिप्टमध्ये कायमचे लिहून ठेवता येत नाही. दर वेळी बाकीच्या तीन खुणांवरून खिडकी शोधायची आणि मग त्या वेळचे हँडल हाती धरून काम करायचे.

ऑटोहॉटकीबरोबर ‘विंडो स्पाय’ नावाचे एक छोटे साधन येते. ते उघडून माउस एकेका खिडकीवर न्यावा. तिच्या खुणा समोर दिसतात. हे मी पहिल्यांदा केले त्या दिवशी वर्डच्या खिडकीचा वर्ग ‘ओपसॲप’ असा दिसला आणि मी चकित झाले. विंडोजसाठीचे पहिले वर्ड १९८९ मध्ये आले. ते तयार होत असताना त्याचे टोपणनाव ‘ओपस’ होते. बाहेरचे रूप किती वेळा बदलले, पण आतले नाव तेच राहिले. एक्सेलचा वर्ग ‘एक्सएलमेन’. हे वर्ग सहसा बदलत नाहीत, म्हणून ओळखीसाठी भरवशाचे. पण सगळीकडे हा भरवसा चालत नाही. क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरांच्या खिडक्यांचा वर्ग एकच निघतो, आणि त्याच पायावर उभे असलेले इतर कितीतरी प्रोग्रॅमही तोच वर्ग मिरवतात. तिथे घर विचारावे लागते.

शीर्षकाच्या भरवशावर राहून माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगते, कारण तिने मला या विषयाचा गाभा शिकवला. एकाच दिवशी माझ्याकडे बरीच कामे होती आणि फाइलींची नावे मी ‘अनुवाद-१’, ‘अनुवाद-२’ अशी ‘अनुवाद-१०’ पर्यंत दिली होती. स्क्रिप्टला सांगितले होते की ज्या खिडकीच्या शीर्षकात ‘अनुवाद-१’ असेल ती उजवीकडे ठेव. ‘अनुवाद-१०’ मध्येही ‘अनुवाद-१’ आहेच. स्क्रिप्टने आज्ञा तंतोतंत पाळली आणि दहावी फाइल माझ्यासमोर आणून ठेवली. डावीकडे एका घराचा सातबारा, उजवीकडे दुसऱ्या घराचा अनुवाद, आणि मी अर्धा तास एकाच्या कागदात दुसऱ्याची नावे भरत बसले. शेवटच्या वाचनात गट क्रमांक जुळेना, तेव्हा ते ध्यानात आले. जमिनीच्या कागदात अशी चूक बाहेर गेली असती तर एखाद्या कुटुंबाला किती हेलपाटे पडले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून दोन नियम पाळते. फाइलीचे नाव ‘०१’ पासून, दोन अंकी द्यायचे. आणि शीर्षक पूर्ण जुळले, शिवाय वर्गही जुळला, तरच खिडकीला हात लावायचा. एकाहून अधिक खिडक्या जुळल्या तर स्क्रिप्टने स्वतः निवड करायची नाही. थांबायचे आणि मला विचारायचे.

देवनागरीतून काम करणाऱ्यांसाठी ओळखीची आणखी एक अडचण आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ती मला कुठे भेटली नाही. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ हे फाइलीचे अगदी साधे नाव घ्या. त्यातला ‘ऱ्या’ दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, त्यावर हलन्त आणि मग ‘या’. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा एक जोडक आणि मग ‘या’. कोणत्या कीबोर्डवरून टंकले त्यावर हे ठरते. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत. फाइल नागपूरहून आली, स्क्रिप्ट रायपुरात लिहिली, आणि खिडकी समोर दिसत असूनही स्क्रिप्ट म्हणते की अशी खिडकीच नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने या एका अक्षरापायी दोन दिवस घालवले. उपाय सोपा आहे. शीर्षक स्वतः टंकू नये, विंडो स्पायमधून उचलून स्क्रिप्टमध्ये चिकटवावे.  याच जोडीला, स्क्रिप्टची फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ पद्धतीने जतन केली आहे ना, ते पाहावे. ऑटोहॉटकीच्या जुन्या आवृत्तीत ही खबरदारी राहिली की देवनागरीचा चक्काचूर होत असे. तिसरे प्रकरण संपूर्ण या विषयाला दिले आहे.

ओळख पटली की मांडणी हा मोजमापाचा भाग उरतो. पडद्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य. तिथून उजवीकडे आणि खाली ठिपके मोजायचे. माझा पडदा १९२० ठिपके रुंद आणि १०८० उंच आहे. खालची पट्टी ४० ठिपके घेते, म्हणून कामाला १०४० उरतात. सातबाऱ्याला डावीकडचे ९६० बाय ७००, अनुवादाला उजवीकडचे तेवढेच, आणि खाली ३४० ठिपके उंचीची पूर्ण रुंदीची पट्टी शब्दसंग्रहाला. हिशेब इतका सरळ आहे. तरी पहिल्या प्रयत्नात दोन खिडक्यांच्या मध्ये एक फट दिसते. विंडोज १० पासून बऱ्याच खिडक्यांना डावीकडे, उजवीकडे आणि खाली साधारण ७ ठिपक्यांची न दिसणारी किनार असते. माउसने खिडकी लहान-मोठी करताना ती पकडायला सोपी जावी म्हणून ती ठेवली आहे. म्हणून डावी खिडकी शून्यावर ठेवायची तर उणे ७ वर ठेवावी लागते आणि रुंदी ९७४ सांगावी लागते. काही प्रोग्रॅममध्ये ही किनार नसतेच. तेव्हा मोजूनच आकडा घालावा, ऐकीव नको.

अशाच आणखी काही गोष्टी माहीत नसल्या की माणूस हताश होतो, आणि माहीत असल्या की क्षणात सुटतात. पडदा पूर्ण व्यापलेली खिडकी हलवण्याआधी तिला साध्या आकारात आणावे लागते. मुख्य पडद्याच्या डावीकडे दुसरा पडदा जोडला तर तिथले आडवे आकडे उणे होतात. खाली पट्टीत मिटलेली खिडकी प्रणालीच्या लेखी उणे ३२००० या जागी असते; म्हणून तिची जागा विचारून तोच आकडा जपून ठेवू नये. आणि अक्षरे मोठी दिसावीत म्हणून पडद्याचे प्रमाण १२५ किंवा १५० टक्के केले असेल, तर आधी बसवलेले आकडे पुन्हा तपासावेत.

तिसरी बाजू धीराची आहे. नवशिक्याच्या स्क्रिप्टमध्ये जागोजागी ‘पाच सेकंद थांब’ असे लिहिलेले सापडते. सकाळी यंत्र गार असते, एक्सेल उघडायला चाळीस सेकंद लागतात, आणि स्क्रिप्ट पाच सेकंदांत पुढे निघून जाते. म्हणून वेळ मोजत थांबू नये, खिडकीची वाट पाहावी. माझ्या स्क्रिप्टचे सार मराठीत सांगायचे तर असे आहे : शब्दसंग्रहाची फाइल उघड. तिची खिडकी दिसेपर्यंत थांब, मात्र दीड मिनिटाहून जास्त नाही. दिसली तर तिचे हँडल घे. ती पूर्ण पडदाभर असेल तर साध्या आकारात आण. मग ठरलेल्या जागी ठेव. दिसली नाही तर मला सांग आणि तिथेच थांब. ही सहा वाक्ये ज्याला कळली त्याला अख्खी पुस्तिका कळेल.

अधिकाराचा प्रश्नही इथे मोकळेपणाने मांडते. जी स्क्रिप्ट खिडक्या ओळखते, ती सगळ्यांची शीर्षके वाचते. शीर्षकांत ग्राहकांची नावे असतात, पत्रांचे विषय असतात. म्हणून प्रणाली तिच्यावर बंधने घालतात, आणि ती योग्य आहेत. विंडोजमध्ये प्रशासकाच्या अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमची खिडकी साध्या स्क्रिप्टला हलवता येत नाही. मॅकवर अशा कामासाठी सेटिंगमध्ये जाऊन स्पष्ट परवानगी द्यावी लागते. लिनक्सवर जुन्या एक्स प्रणालीत ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ आणि ‘एक्सडूटूल’ ही साधने कुठलीही खिडकी हलवीत. उबुंटूने एप्रिल २०२१ पासून मूळ निवड म्हणून घेतलेल्या वेलँड या नव्या प्रणालीत एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या खिडक्या सहसा दिसतच नाहीत. हे गैरसोयीचे वाटते, पण आपल्या खिडकीत कोणी डोकावू नये असे आपल्यालाही वाटतेच. माझी विनंती एवढीच की स्क्रिप्टमध्ये पासवर्ड कधीही लिहू नका, आणि कार्यालयाचे यंत्र असेल तर वरिष्ठांना विचारल्याशिवाय तिथे काही बसवू नका.

ही पुस्तिका टंकलेखक, अनुवादक, हिशेबनीस, पुस्तकांची जुळणी करणारे, आणि मुलांना घरून शिकवणाऱ्या आया अशांसाठी आहे. त्यांचे काम कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नमुन्यात बसत नाही. तात्यापाऱ्यात बसून सातबाऱ्याचा हिंदी अनुवाद करणाऱ्या बाईसाठी कोणी वेगळा प्रोग्रॅम बनवणार नाही. तो तिने स्वतः बनवावा, आणि तो तिला बनवता येतो, हे मला मनापासून सांगायचे आहे. स्वतःच्या कामाची बारीकसारीक माहिती जिच्याजवळ आहे, तिच्याजवळ या विद्येतला सर्वांत अवघड भाग आधीपासूनच आहे.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्याआधी संगणक बंद ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. त्यावर पडद्याचा चौकोन काढा. रोजच्या कामात कोणत्या खिडक्या लागतात, त्यांची नावे लिहा. प्रत्येकीपुढे लिहा की ती कशावरून ओळखू येते आणि ती तिथेच का हवी. माझ्याकडे हे शिकायला आलेल्यांपैकी बहुतेकांना दुसऱ्या प्रश्नाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि काहींना त्यातूनच कळते की रोज उघडणाऱ्या दोन खिडक्यांची मुळी गरजच नव्हती. तो कागद यंत्राशेजारी चिकटवून ठेवा. वीज गेली तरी तो तिथेच राहील, आणि वीज आली की त्यावरची एकेक ओळ स्क्रिप्टमध्ये कशी उतरवायची ते पुढच्या पानांत आहे.

रायपूर
गुढीपाडवा